ई कोणती? संगणकातील अक्षरांचा घोळ

महाराष्ट्रात आष्टी नावाचे एकच गाव नाही. वर्धा जिल्ह्यात आष्टी आहे, बीड जिल्ह्यात आहे, जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यात आहे आणि गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातही आहे. पाकिटावर नुसते 'मु. पो. आष्टी' लिहिले तर ते पत्र कोणत्या आष्टीला जावे? वर्ध्याकडचे लोक आपल्या गावाला 'शहीद आष्टी' म्हणतात. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथील पोलीस ठाण्यावर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि गावकऱ्यांनी प्राण गमावले. त्या स्मृतीमुळे नावाला विशेषण जोडले गेले, आणि त्याने गाव वेगळे ओळखण्याचीही सोय झाली. टपाल खात्याने याच अडचणीवर वेगळा उपाय काढला. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा अंकी पिन कोड सुरू झाला. तो आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी होते आणि संस्कृतचे कवीही होते. गावाचे नाव बोलण्यासाठी आणि अंक ओळखण्यासाठी, अशी ही विभागणी आहे.

संगणकाला बाहेरची हार्ड डिस्क जोडल्यावर जो घोळ होतो तो समजून घ्यायला ही विभागणी फार उपयोगी पडते. तेथेही एक बोलायचे नाव असते (सी, डी, ई अशी अक्षरे) आणि एक ओळखीचा क्रमांक असतो. आपल्याला नाव दिसते, क्रमांक दिसत नाही. म्हणून आपण नावालाच ओळख समजतो आणि फसतो.

प्रसंग काय घडतो?

समजा, आष्टीतील एका शाळेच्या संगणक-कक्षात एक जुना, पण चांगला चालणारा संगणक आहे. त्यातील हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन विभाग आहेत. मुख्याध्यापकांच्या खोलीतील संगणकावरचे एक फोल्डर नेटवर्कने येथे जोडलेले आहे, त्याला कोणी तरी ई हे अक्षर दिले आहे. मुलांनी गावातील वडीलधाऱ्यांकडून १९४२ च्या ऐकीव आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आहेत, आणि ते सारे मुद्रण एका बाहेरच्या डिस्कवर आहे. शिक्षक ती डिस्क आणून संगणकाला जोडतात. दिवा लागतो, जोडल्याचा आवाजही येतो. पण पडद्यावर नवी डिस्क कोठेच नाही! ई उघडावी तर त्यात मुख्याध्यापकांची पत्रे.

अशा वेळी मनात पहिला विचार येतो, 'डिस्क गेली.' मग कोणी ती काढून-घालून पाहतो, कोणी 'फॉरमॅट करून टाका, चालू होईल' असा सल्ला देतो. खरे म्हणजे डिस्कला काहीही झालेले नसते. ती जोडलेली असते, वाचताही येत असते. फक्त दोन वस्तूंना एकच अक्षर मिळालेले असते. या परिस्थितीत मुद्रण नष्ट होईल ते डिस्क बिघडल्यामुळे नव्हे, तर आपण घाईने दाबलेल्या एका बटणामुळे. म्हणून अक्षरांचा व्यवहार नीट समजून घेणे आवश्यक आहे.

अक्षरे आली कोठून?

१९७०च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी लहान संगणकांसाठी सीपी/एम नावाची प्रणाली तयार केली. तिच्यात फ्लॉपीच्या खणांना ए, बी अशी अक्षरे दिलेली होती. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या डॉस प्रणालीनेही हीच पद्धत उचलली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीची. संगणकाला एकच खण असेल तर तोच खण ए आणि तोच बी! डॉस वापरणाऱ्याला फ्लॉपी बदलायला सांगे आणि मग त्याच खणाला दुसऱ्या नावाने हाक मारी. म्हणजे अक्षर आणि वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अगदी सुरुवातीपासून स्पष्ट होते.

१९८३ मध्ये आयबीएमच्या एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवलेली होती. आज मोबाइलने काढलेली तीन-चार छायाचित्रे तिच्यावर मावली असती. तिला पुढचे मोकळे अक्षर मिळाले, सी. फ्लॉपी आता वापरातून गेली, पण विंडोज आजही आपण होऊन अक्षरे देताना सी पासूनच सुरुवात करते.

हजेरीपटाचे उदाहरण

डॉस अक्षरे वाटत असे ती रीत शिक्षकांना हजेरीपटावरून चटकन समजेल. पट आडनावांच्या क्रमाने लावला तर मुलांना १, २, ३ असे क्रमांक मिळतात. वर्षाच्या मध्यात 'कांबळे' नावाचा विद्यार्थी आला आणि पट पुन्हा क्रमाने लावला, तर त्याच्या पुढच्या साऱ्यांचे क्रमांक एकाने सरकतात. काल १४ क्रमांक पुकारला की जी मुलगी 'हजर' म्हणत होती, ती आज १५ वर गेलेली असते.

डॉस नेमके हेच करी. संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी सगळा पट नव्याने मांडला जाई. आधी प्रत्येक डिस्कचा मुख्य विभाग आणि मग उरलेले विभाग, असा क्रम असे. पहिल्या डिस्कवर मुख्य विभाग सी आणि दुसरा विभाग डी होता असे समजा. आता अशीच दोन विभागांची दुसरी डिस्क बसवली, तर सी सी-च राहील. पण डी हे अक्षर नव्या डिस्कच्या मुख्य विभागाला जाईल आणि आपला जुना डी आता ई होईल. जो कार्यक्रम 'डी वरील निकाल उघड' म्हणून लिहिलेला असेल, तो नव्या डिस्कवर निकाल शोधत बसेल. त्या काळात संगणक दुरुस्त करणाऱ्यांचा बराच वेळ हेच निस्तरण्यात जाई.

पण शाळेत आणखी एक पुस्तक असते: जनरल रजिस्टर. त्यातला क्रमांक प्रवेशाच्या दिवशी मिळतो आणि मुलगी शाळा सोडेपर्यंत बदलत नाही. हजेरी क्रमांक सरकला तरी रजिस्टर क्रमांकावरून ती कोण हे निश्चित सांगता येते. संगणकालाही अशा रजिस्टरची गरज होती.

विंडोजची वही

विंडोजच्या एनटी घराण्यातील प्रणालींनी, म्हणजे २००० सालच्या विंडोज २००० पासून आजवरच्या सर्व आवृत्त्यांनी, असे रजिस्टर ठेवले आहे. प्रत्येक डिस्कवर, आपल्या फाइलींपासून वेगळ्या जागी, तिची 'सही' म्हणजे एक क्रमांक कोरलेला असतो. जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर ही सही ३२ बिटांची असते, म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळ्या सह्या शक्य आहेत. नव्या पद्धतीत डिस्कला आणि तिच्या प्रत्येक विभागाला १२८ बिटांचा क्रमांक असतो. असे क्रमांक इतके शक्य आहेत की ती संख्या ३९ अंकी होते. दोन डिस्कना योगायोगाने एकच क्रमांक मिळण्याची भीती मग उरत नाही.

नवी डिस्क प्रथम जोडली की विंडोज तिचा क्रमांक वाचते, पहिले मोकळे अक्षर तिला देते आणि 'अमुक क्रमांक, अमुक अक्षर' अशी नोंद आपल्या वहीत करते. पुढच्या वेळी तीच डिस्क आली आणि ते अक्षर मोकळे असले, तर तेच पुन्हा मिळते.

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ही नोंद संगणकाच्या वहीत असते, डिस्कवर नसते. म्हणूनच तुमची डिस्क शाळेत एफ, घरी ई आणि शेजारच्या शाळेत जी होऊ शकते. आणि म्हणूनच अक्षर बदलल्याने डिस्कवरील एकाही फाइलीला धक्का लागत नाही.

मग घोळ होतो तरी कोठे?

इतकी चोख वही असूनही तीन-चार ठिकाणी गडबड होते.

पहिली गडबड दोन वह्यांची. संगणकाला थेट जोडलेल्या डिस्कची वही साऱ्या संगणकाची मिळून एक असते. नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरांची नोंद मात्र त्या त्या वापरकर्त्याच्या स्वतंत्र वहीत असते. नव्या डिस्कला अक्षर देताना विंडोज पहिलीच वही पाहते. तिथे ई मोकळे दिसते, म्हणून ई दिले जाते. पण आपण ई उघडतो तेव्हा आधी वापरकर्त्याची वही वाचली जाते आणि तिथे ई म्हणजे मुख्याध्यापकांचे फोल्डर! बाहेरची डिस्क त्या फोल्डरामागे झाकली जाते. आष्टीच्या शाळेतील आपल्या काल्पनिक प्रसंगात हेच झाले. विंडोज एक्सपीच्या काळात ही तक्रार फार येई. आजही नेटवर्कच्या फोल्डरला सुरुवातीचे अक्षर दिलेले असेल तर ती उद्भवू शकते. याची सोपी परीक्षा आहे. ज्याच्या नावावर नेटवर्कचे फोल्डर जोडलेले नाही अशा दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने संगणक उघडावा. तेथे डिस्क दिसली तर निदान पक्के झाले.

दुसरी गडबड अक्षराच्या अदलाबदलीची. एक डिस्क घरी नेलेली असताना दुसरी जोडली आणि तिने पहिलीचे अक्षर घेतले. या वेळी डिस्क दिसते, पण ती वेगळीच असते. वरवर निरुपद्रवी वाटणारा हा प्रकार सर्वांत घातक आहे. रोज संध्याकाळी 'डी वरील नोंदींसारखी तंतोतंत प्रत एफ वर कर आणि एफ वर जे जास्तीचे असेल ते पुसून टाक' अशी आज्ञा संगणकाला देऊन ठेवलेली असू शकते. एफ या अक्षरामागे त्या दिवशी आठवणींच्या मुद्रणाची डिस्क असेल, तर संगणक आज्ञा इमानेइतबारे पाळेल. त्याला डिस्क ठाऊक नाही, अक्षर ठाऊक आहे.

तिसरी गडबड एकाच सहीच्या दोन डिस्कची. एका डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे 'क्लोन', काढली की सहीचीही प्रत निघते. संगणक-कक्षातील सारे संगणक एकसारखे तयार करताना असे करतात. मूळ आणि प्रत एकाच संगणकाला जोडल्या तर विंडोज दुसरीला 'ऑफलाइन' म्हणजे बाजूला ठेवते. एकाच रजिस्टर क्रमांकाच्या दोन मुली वर्गात आल्या तर आपणही एकीला दाराशीच थांबवू.

चौथी गोष्ट खरे तर अक्षरांची नाही, पण तशी भासते. लिनक्सच्या संगणकावर तयार केलेली डिस्क विंडोजला जोडली की 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश येऊ शकतो. डिस्क धडधाकट असते, फक्त तिची लिपी विंडोजला वाचता येत नाही. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद कोरा आहे असे आपण म्हणत नाही. येथेही तसेच.

दुरुस्ती कशी करावी?

विंडोजमध्ये यासाठी 'डिस्क मॅनेजमेंट' नावाची सोय आहे. तिला संगणकाच्या व्यवस्थापकाचे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. आजच्या विंडोजमध्ये स्टार्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबले की जी यादी येते, तिच्यात हे नाव सापडेल.

१. उघडलेल्या खिडकीच्या खालच्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एक खरी डिस्क. पट्टीतील चौकटी म्हणजे तिचे विभाग.

२. आपली डिस्क कोणती हे आकारमानावरून ओळखावे. येथे एक गंमत आहे. १ टेराबाइट म्हणून विकत घेतलेली डिस्क येथे सुमारे ९३१ जीबी दिसते. यात कोणी फसवलेले नाही. कारखानदार १ टेराबाइट म्हणजे १ वर १२ शून्ये इतके बाइट मोजतो. विंडोज एका जीबीत १०२४ × १०२४ × १०२४ बाइट धरते. भागाकार मुलांकडून करून घ्यावा.

३. खात्री नसेल तर डिस्क रीतसर 'इजेक्ट' करून काढावी. जी पट्टी नाहीशी होते ती आपली. मग ती पुन्हा जोडावी.

४. तिच्या चौकटीवर उजवे बटण दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडावे. अक्षर असेल तर 'चेंज', नसेल तर 'ॲड' दाबावे. मग दूरचे एखादे मोकळे अक्षर, उदाहरणार्थ पी, द्यावे.

५. 'काही कार्यक्रम या अक्षरावर अवलंबून असतील, ते चालणार नाहीत' अशी सूचना येते. ती खरीच असते. जुन्या अक्षरावर बेतलेली कोणतीही आज्ञा नंतर आठवणीने बदलावी. मग 'यस' म्हणावे. डिस्क लगेच दिसू लागते.

सी च्या वाटेला मात्र जाऊ नये. त्या विभागावर खुद्द विंडोज बसलेली असते आणि येथून तिचे अक्षर बदलू दिलेही जात नाही.

पट्टीवर 'ऑफलाइन' लिहिलेले असेल तर मूळ डिस्क कोणती आणि प्रत कोणती हे आधी ठरवावे. ऑफलाइन डिस्कला 'ऑनलाइन' केले की विंडोज तिच्यावर नवी सही कोरते. त्या डिस्कवरून संगणक सुरू करायचा असेल तर सही बदलल्यावर तो सुरू होण्यात अडथळा येऊ शकतो. नुसत्या फाइली पाहायच्या असतील तर हरकत नाही.

काय करू नये?

ज्या डिस्कवर आपली माहिती आहे तिच्याबाबत तीन शब्दांपासून दूर राहावे: 'फॉरमॅट', 'इनिशिअलाइझ' आणि 'डिलीट व्हॉल्यूम'. डिस्क मॅनेजमेंट उघडताच कधीकधी 'डिस्क इनिशिअलाइझ करू का?' असा प्रश्न आपण होऊन पुढे येतो. डिस्क कोरी, नवी असेल तरच होकार द्यावा. एरवी 'कॅन्सल'. अक्षराची अडचण सोडवायला या तिन्हींपैकी कशाचीही कधीच गरज नसते. 'फॉरमॅट केल्याशिवाय चालणार नाही' असे कोणी म्हटले तर आधी ती डिस्क दुसऱ्या संगणकाला, शक्य तर लिनक्सच्या संगणकालाही, जोडून पाहावी.

घोळ होऊच नये म्हणून

अक्षरांची वाटणी शाळेने एकदाच ठरवून भिंतीवर लावावी. नेटवर्कच्या फोल्डरांना शेवटाकडून झेड, वाय, एक्स ही अक्षरे द्यावीत. शाळेच्या कायमच्या बाहेरच्या डिस्कना मधली, पी, क्यू, आर अशी. सुरुवातीची अक्षरे आल्यागेल्या पेन ड्राइव्हसाठी मोकळी सोडावीत. ही वाटणी प्रत्येक संगणकावर एकेकदा करावी लागते, कारण वही प्रत्येक संगणकाची वेगळी.

डिस्कला नावही द्यावे. हे नाव, म्हणजे 'लेबल', अक्षरासारखे संगणकाच्या वहीत नसते. ते डिस्कवरच लिहिले जाते आणि तिच्याबरोबर जाते. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर ते ३२ चिन्हांपर्यंत असू शकते आणि मराठीतही लिहिता येते. 'आठवणी-मुद्रण' असे नाव दिले की अक्षर कोणतेही मिळो, डिस्क ओळखू येते. शहीद आष्टीतले 'शहीद' जे काम करते तेच हे. शिवाय डिस्कच्या पाठीवर तेच नाव कागदी चिठ्ठीवर लिहून चिकटवावे.

प्रत करून जास्तीचे पुसणाऱ्या आज्ञा विचारपूर्वक वापराव्यात. आम्ही प्रयोगांच्या मोजमापांची प्रत काढताना एक साधी युक्ती वापरतो. प्रत ठेवण्याच्या डिस्कवर ठरावीक नावाची एक छोटी फाइल ठेवतो. आज्ञा आधी ती फाइल आहे का हे पाहते आणि नसेल तर काहीही न करता थांबते. अक्षर चुकले तरी डिस्क चुकत नाही.

लिनक्समध्ये अशी अक्षरे नसतात. तेथे बाहेरची डिस्क एका फोल्डरात उघडते आणि त्या फोल्डरला बहुधा डिस्कचे लेबलच नाव म्हणून मिळते. पण आत पाहिले तर तेथेही एसडीए, एसडीबी अशी क्रमाने मिळणारी नावे आहेत आणि तीही सरकतात. म्हणून जाणकार तेथेही न बदलणारा क्रमांकच वापरतात. प्रणाली बदलली तरी प्रश्न तोच आणि उत्तरही तेच.

वर्गात करून पाहा

पाच मुलांना पुढे उभे करा. प्रत्येकाच्या खिशात एक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्या. ही त्याची सही. डावीकडून त्यांच्या हातात सी, डी, ई, एफ, जी अशी अक्षरांची कार्डे द्या. एका मुलाला 'संगणक' करून 'ई ला गोष्टीचे पुस्तक दे' असे सांगा. आता मध्ये एक नवा मुलगा उभा करा आणि कार्डे पुन्हा क्रमाने वाटा. तीच आज्ञा पुन्हा द्या. पुस्तक कोणाकडे गेले? मग संगणकाला वही द्या, चिठ्ठी पाहून कार्ड वाटायला सांगा आणि फरक पाहा. शेवटी दोन मुलांच्या हातात एकच ई द्या आणि काय करावे हे मुलांनाच ठरवू द्या. 'थांबून विचारावे' हे उत्तर बहुतेक मुलांना स्वतःहून सुचेल.

त्यानंतर शाळेतल्या डिस्क बाहेर काढून मुलांकडून एक तक्ता करून घ्यावा: चिठ्ठीवरील नाव, लेबल, आकारमान, ठरवलेले अक्षर आणि आत काय आहे. ज्या डिस्कवर पुन्हा मिळवता न येणारे काही आहे, मग ते आठवणींचे मुद्रण असो की जुन्या रजिस्टरची छायाचित्रे, तिच्यापुढे खूण करावी आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत ठेवावी. अक्षराचा घोळ पाच मिनिटांत सुटतो. पुसलेला आवाज परत आणायला मात्र सांगणारी माणसे पुन्हा भेटतीलच असे नाही.